वरचे, खालचे आणि बुचाचा चेंडू

टॉरन्स साहेबाचं इंग्रजी कतारमधल्या दुखानच्या तेल कंपनीच्या कॅम्पात फक्त दोघांना समजायचं: एक अल्लामियाँला आणि एक अबूबकर परकारला. खुद्द इंग्लंडहून आलेले मॅनेजरसाहेबसुद्धा टॉरन्स बोलायला लागला की आधी कान पुढे करत, मग चष्मा काढून पुसत, आणि शेवटी स्टोअरमध्ये माणूस पाठवून अबूबकरला बोलावून घेत. मग टॉरन्स इंग्रजीत बोलायचा, अबूबकर तेच इंग्रजीत सांगायचा आणि मॅनेजरसाहेब "असं होय!" म्हणून मान डोलवायचे.

यात अबूबकरची फार मोठी करामत होती असं नाही. रत्नागिरीकडच्या सोनखाडीतून तो कतारला आला तेव्हा त्याला 'येस सर' आणि 'नो सर' एवढंच येत होतं, आणि त्यातलं दुसरं म्हणायची हिंमत नव्हती. स्टोअरमध्ये त्याला हाताखाली घेतलं ते टॉरन्सने. त्यामुळे त्याच्या जिभेवर बसलं ते टॉरन्सच्या गावचं इंग्रजी. लहान म्हणजे 'वी', हो म्हणजे 'आय', मूल म्हणजे 'बेर्न', ठाऊक असणं म्हणजे 'केन'. सगळं जग असंच बोलतं, अशी त्याची पक्की समजूत होती. मॅनेजरसाहेब वेगळं बोलतात, त्याअर्थी त्यांचं शिक्षण कुठेतरी अर्धवट राहिलं असणार, असं तो मनात धरून चालायचा आणि त्यांना सांभाळून घ्यायचा.

टॉरन्सचं गाव किनब्रे, स्कॉटलंडच्या उत्तरेला, अगदी समुद्राकाठी. काम कमी असलं की टॉरन्स एखाद्या खोक्यावर बसायचा, चहाचा मग गुडघ्यावर ठेवायचा आणि गावच्या गोष्टी काढायचा. गावात निम्मी घरं टॉरन्सांची आणि त्यातल्या निम्म्या पुरुषांची नावं जॉन. ओळखायचं कसं? तर टोपणनावाने. टॉरन्सच्या स्वतःच्या घराण्याला म्हणत 'पार्टन', म्हणजे चिंबोरी, कारण याचा आजा किंचित तिरका चालायचा. हे ऐकून अबूबकर पोट धरधरून हसला. सोनखाडीत निम्मे परकार, आणि त्यातलं एक घर खरोखरच 'चिंबोरी परकार' म्हणून ओळखलं जायचं.

किनब्रेची माणसं दर्यावर जगणारी, हाताने घट्ट आणि तोंडाने त्याहून घट्ट. कुणाची तारीफ म्हणून करायची नाहीत. बायकोने जीव ओतून रांधलं तरी नवरा म्हणणार, "वाईट नाही." आणि याहून मोठं कौतुक त्या गावात कुणी कुणाचं केलेलं नाही. रुसले की मात्र दोन-दोन पिढ्या बोलायची नाहीत.

"साब, तुमचं हे किनब्रे नक्की कोकणात नाय ना?" अबूबकरने एकदा विचारलंच.

रुसण्याचा विषय निघालाच आहे, तर सोनखाडीचंही सांगायला हवं. सोनखाडीत मोहल्ले दोन. टेकाडावरचा तो वरचा, खाडीलगतचा तो खालचा. अबूबकर खालचा. याच कॅम्पात पाइपफिटर असलेला नसरुद्दीन वरचा. काही वर्षांमागे वरच्या मोहल्ल्यात नसरुद्दीनच्या चुलतभावाचं लग्न होतं. लग्नाचं जेवण म्हणजे एका मोठ्या थाळ्याभोवती चार-पाच जणांनी बसायचं आणि एकत्र खायचं, अशी आमच्या लोकांची रीत. खालच्या मोहल्ल्यापुढे जे थाळे आले त्यात भात होता, रस्सा होता, मटणाचा तुकडा औषधालाही नव्हता. वाढप्याचा गोंधळ झाला की कुणी मुद्दाम केलं, हे त्या वाढप्यालाच माहीत. पण खालचा मोहल्ला हात झटकून उठला आणि सगळ्यांत आधी उठला तो अबूबकर. भरल्या थाळ्यावरून उठणं म्हणजे यजमानाची अब्रूच काढणं. तेव्हापासून दोन मोहल्ल्यांत ना जाणं-येणं राहिलं, ना सोयरीक.

हे भांडण दोघांबरोबर कतारलाही आलं. एकाच आगबोटीने दोघं बाहरेनला पोचले, तिथून एकाच लाँचने झिक्रीतच्या धक्क्याला उतरले, आणि साऱ्या वाटेत एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. दोघांनाही बोट लागली होती, पण ओकाऱ्यासुद्धा त्यांनी एकमेकांकडे पाठ करून काढल्या. कॅम्पात कोकण्यांची मेस एकच. तिथे स्वयंपाक हाफिजचाचांचा. चाचाही सोनखाडीचे, पण त्यांचं घर दोन मोहल्ल्यांच्या बरोबर मधे, म्हणून ते दोन्हीकडे चालायचे. नसरुद्दीन एका टोकाला बसायचा, अबूबकर दुसऱ्या.

"चाचा, त्याला सांगा, मीठ इकडं सरकव."

"चाचा, त्याला सांगा, मी काय मिठाचा ठेका घेतलेला नाय."

मग चाचा उठायचे, मिठाची वाटी उचलून या टोकाची त्या टोकाला नेऊन ठेवायचे. "मी बावर्ची हाय का पोस्टमन?" असं करवादत परत चुलीकडे जायचे.

इथवर हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण गावी अबूबकरची धाकटी बहीण होती, रुकैया, आणि नसरुद्दीनचा धाकटा भाऊ होता, वली. त्या दोघांनी कुठल्याच मोहल्ल्याला न विचारता एकमेकांना पसंत करून टाकलं होतं.

डिसेंबरात हाफिजचाचा रजेवरून परतले ते ही बातमी घेऊन. अबूबकरला त्यांनी भांडी घासायच्या नळापाशी गाठलं.

"अबू, रुकैया मना काय बोलली ठाव हाय? भाईला सांगा, लगीन करीन तर वलीशी. नायतर हय चुलीपाशी बसून र्‍हायन, मना भाकऱ्या थापायला काय त्रास नाय."

"आन् ते लोक काय बोलतात?"

"नसरुद्दीन मार्चात रजेवर जातोय. त्याच्या आईने सांगितलान हाय, तेवा वलीचं उरकून टाकू. हय जमलं नाय तर बाणकोटची मुलगी बघून ठेवली हाय."

त्या दिवशी अबूबकरला जेवण गेलं नाही. बाप गेला तेव्हा रुकैया एवढीशी होती. तिला खांद्यावर घेऊन त्यानेच खाडी दाखवली, तिने कुरकुर केली तर त्यानेच गोळ्या आणल्या. तिच्या लग्नाचा शब्द आता त्यानेच द्यायचा होता. पण मागणी यायची ती मुलाकडून, आणि मुलाकडचा मोठा माणूस नसरुद्दीन म्हणत होता, आमच्या थाळ्यावरून उठलेल्याने आधी माफी मागावी, मग मी मागणी घालीन. अबूबकर म्हणत होता, आधी मागणी घाल, मग माफीचं बघू. मनातून दोघांनाही हे लग्न हवं होतं. अडत होतं ते एवढ्यावरच, की पहिलं तोंड कोणी उघडायचं.

अशात टॉरन्सला त्याच्या गावच्या चेंडूची आठवण झाली.

किनब्रेत नव्या वर्षाच्या दिवशी सगळा गाव चेंडू खेळतो. मैदान नाही, शिट्टी नाही, वेळेचं बंधन नाही. कातड्याचा, आत बुचाचे तुकडे ठासून भरलेला जड चेंडू चौकात उंच फेकायचा आणि सगळ्यांनी त्यावर तुटून पडायचं. गावाचे भाग दोन, वरचे आणि खालचे. वरच्यांनी चेंडू टेकडीवरच्या जुन्या भिंतीला नेऊन भिडवायचा, खालच्यांनी बंदराच्या पाण्यात बुडवायचा. दुकानदार आदल्या दिवशीच खिडक्यांना फळ्या ठोकतात. पाद्रीसुद्धा कोट काढून घुसतो. जी बाजू जिंकेल तिने आपल्यातला एक माणूस निवडायचा. चेंडू कायमचा त्याचा. चेंडू तो घरात टांगतो आणि पुढच्या पिढ्या त्याकडे बोट दाखवून बढाया मारतात. टॉरन्सच्या बापाचा चेंडू अजून त्यांच्या खिडकीत लोंबतो आहे.

उन्हाळा लागायच्या आत टॉरन्स कायमचा गावी जाणार होता. जाण्याआधी एकदा इथे चेंडू उडावा, एवढीच त्याची इच्छा. एकोणीसशे साठचं नवं वर्ष नेमकं शुक्रवारी लागत होतं, म्हणजे सगळ्यांना सुट्टी. मॅनेजरसाहेबांची परवानगी काढली. अबूबकरने भाषांतर चोख केलं, खिडक्यांच्या फळ्यांचा भाग तेवढा गाळला. दोहा शहरातल्या सूक वाकिफ बाजारातल्या एका खोगीरवाल्याकडून चेंडू शिवून आणला. आत भरायला स्टोअरमधल्या पॅकिंगचं बूच होतंच.

मेसमध्ये अबूबकरने बातमी दिली ती अशी: "साबचा खेळ हाय. वरचे विरुद्ध खालचे."

पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. वरचे विरुद्ध खालचे म्हटल्यावर सोनखाडीच्या माणसाला आणखी काय सांगावं लागतं? वरच्या मोहल्ल्याचे फिटर आणि वेल्डर एका खोलीत जमले, खालच्या मोहल्ल्याचे कारकून आणि हेल्पर दुसऱ्या खोलीत. दंडांना तेल चोळलं जाऊ लागलं. इतकी वर्षं रखडलेला मटणाचा हिशोब एकदाचा चुकता होणार, या आनंदात माणसं आठवडाभर तरंगत होती. अबूबकरही त्यातच. नसरुद्दीनला एकदा वाळूत लोळवला की आपलं मन मोकळं होईल, मग बहिणीचं बघता येईल, असं काहीतरी खुळं गणित त्याने मनाशी मांडलं होतं.

हाफिजचाचा तेवढे कपाळावर हात मारून बसले. "गाढवांनो, हाडं मोडली तर कॅम्पात डाक्टर हाय. ही सोयरीक मोडली तर ती जोडायला कोण डाक्टर येणार?"

शुक्रवार उजाडला. हवा थंड, ऊन कोवळं, समुद्र शांत. जुम्याची नमाज झाली, जेवणं झाली आणि वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत सगळा कॅम्प लोटला. पठाण ड्रायव्हर होते, गोव्याचे बटलर होते, उम्म सलालकडचे कतरी कामगार होते. मधोमध सोनखाडीचे दोन जथे समोरासमोर उभे, एका टोकाला अबूबकर, दुसऱ्या टोकाला नसरुद्दीन, दोघांच्याही बाह्या वर. मॅनेजरसाहेब खुर्ची टाकून बसले होते.

टॉरन्स जुना निळा स्वेटर घालून चेंडू काखेत मारून आला आणि हे दोन जथे बघून थबकला.

"अबू, हे काय? तुम्ही उभे कसे राहिलात?"

"साब, हे वरचे, आम्ही खालचे. गावचे."

टॉरन्सने मान हलवली. "तुमच्या गावाचा इथे काय संबंध? किनब्रेचा नियम ऐक. गावात जन्मला तो जिथे जन्मला त्या बाजूचा. बाहेरचा माणूस गावात ज्या वाटेने पहिल्यांदा शिरला, त्या बाजूचा. माझी आई दुसऱ्या गावची. लग्न होऊन ती बंदराकडून आली, म्हणून मरेपर्यंत खालची. इथे आपण सगळेच बाहेरचे. दोह्याच्या रस्त्याने जो पहिल्यांदा आला तो वरचा, त्याने चेंडू त्या चढावरच्या पाण्याच्या टाकीला लावायचा. झिक्रीतच्या धक्क्यावरून जो आला तो खालचा, त्याने समुद्रात बुडवायचा. सांग सगळ्यांना."

टॉरन्सचं इंग्रजी कळणारा तो एकटाच, त्यामुळे सांगायचंही त्यालाच होतं. अबूबकरने सगळं सांगितलं, हिंदीत सांगितलं, कोकणीत सांगितलं. आणि सांगता सांगता त्याला ती लाँच आठवली, आणि कठड्याशी पाठ करून ओकणारा नसरुद्दीन आठवला.

नसरुद्दीनलाही ती लाँच आठवली. "म्हणजे मी खालचा?" तो ओरडला. "माज्या सात पिढ्यांत कोण खालचा झयला नाय!"

"नियम साबचा हाय," अबूबकर हवेत बघत म्हणाला. "चाचा, त्याला सांगा, मना पन आनंद झालेला नाय."

पण चाचा काही सांगायच्या अवस्थेत नव्हते. ते हसून हसून वाळूत बसले होते. जथे फुटले. चुलतभाऊ चुलतभावापासून वेगळा झाला, खालच्या मोहल्ल्याचा कारकून दोह्याच्या रस्त्याने आला म्हणून वरच्यांत गेला, आणि ज्यांची तोंडं बघायची नाहीत अशा माणसांच्या खांद्याला खांदा लावून सोनखाडीकर उभे राहिले. टॉरन्सने चेंडू उंच फेकला.

पुढचा तासभर काय झालं ते बाहेरून कुणालाच दिसलं नाही. माणसांचा एक ढीग होता, त्यातून वाफ आणि शिव्या निघत होत्या. चेंडू मधे कुठेतरी होता. पठाण ड्रायव्हर सगळे दोह्याच्या रस्त्याने आलेले, म्हणजे वरचे, आणि त्यांच्या रेट्यापुढे कोकणी हाडांचा टिकाव लागेना. ढीग इंचाइंचाने टाकीकडे सरकू लागला. अबूबकर मधोमध अडकला होता. चेंडू त्याच्या पोटाशी आणि पाठीला कुणाचातरी खांदा. वळून बघायलाही जागा नव्हती. टाकी आता अगदी जवळ आली होती.

मग त्याच्या कानाशीच कुणीतरी बोललं.

"अबू! असा नको. खाली वाक. चिखलात रुतलेली होडी ढकलतंस, तसा ढकल!"

कित्येक वर्षांनी नसरुद्दीन त्याच्याशी बोलला होता, आणि मधे चाचा नव्हते.

सोनखाडीला ओहोटी लागली की होड्या चिखलात बसतात. भरलेली होडी एकट्यादुकट्याला हलत नाही. सगळे खांदे खाली घालतात, एकजण हाळी देतो आणि त्या हाळीवर सगळे एकदम रेटतात. होडी कुठल्याही मोहल्ल्याची असो, काठावर जो असेल तो धावतो. रुसवा कितीही असला तरी हे काही कुणी बंद केलं नव्हतं. अबूबकरने खांदा खाली घातला. "हांऽऽ रं हां!" नसरुद्दीनने हाळी दिली, आणि खालच्या बाजूच्या सोनखाडीकरांचे पाय डोक्याला न विचारताच एकदम रोवले गेले. ढीग थांबला. दुसऱ्या हाळीला डळमळला. तिसऱ्या हाळीला उताराकडे वळला, आणि मग जो सुटला तो थेट किनाऱ्यापर्यंत.

पाण्यात पहिले कोसळले ते अबूबकर आणि नसरुद्दीन, चेंडूला चार हातांनी धरून. कमरेइतकं पाणी. पण चेंडू बुडेना. आत बूच! एकाने दाबला की तो दुसऱ्याच्या बाजूने उसळी मारायचा. काठावरून टॉरन्स नाचत ओरडत होता, पूर्ण बुडवा, पूर्ण बुडवा! मागून पठाण पाण्यात उतरत होते.

"तू तिकडून दाब," अबूबकर म्हणाला.

"तू आधी."

"दोघं मिळून, गाढवा!"

दोघांनी छातीचा भार टाकला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि चेंडू खाली गेला. काठावर आरडाओरडा झाला. मॅनेजरसाहेब खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होते.

आता चेंडू कुणाचा, हे ठरायचं होतं. दोघं ओलेगच्च काठावर उभे, चेंडूवर अजून चार हात. खालच्या बाजूची माणसं भोवती जमली. कुणी म्हणालं अबूबकर, कुणी म्हणालं नसरुद्दीन, आणि बघता बघता पुन्हा दोन गट पडायला लागले, तेच जुने, गावचे. हाफिजचाचांचा चेहरा उतरला.

अबूबकरला सगळं दिसत होतं. त्याला रुकैया दिसत होती, चुलीपाशी बसलेली. माफी मागायची लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचीही लाज वाटत होती. त्याने चेंडूवरचे हात काढून घेतले.

"चेंडू मना नको," तो म्हणाला. "नसरुद्दीनलाबी नको. हा माज्या बहिणीच्या घरात टांगायचा. रुकैयाच्या."

मग तो नसरुद्दीनकडे वळला. "आता तिचं घर कुठल्या मोहल्ल्यात असंल, ता तू सांग, नसरुद्दीन."

नसरुद्दीनने दाढीतलं पाणी पिळलं. मग चेंडूकडे बघत म्हणाला, "वरच्या मोहल्ल्यात. आमच्या घरात. पडवीत आढ्याला टांगू, म्हंजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसंल." आणि लगेच मान वर करून, "पन ध्यानात ठेव, ही मागणी मी घातलीय. तू नाय."

"मी चेंडू सोडला तेवा तुजं तोंड उघडलं!"

"मी हाळी दिली तेवा तुजा पाय हलला!"

दोघांचे आवाज चढले तसा टॉरन्स घाबरला. आता पुन्हा जुंपते की काय म्हणून त्याने हाफिजचाचांना खुणेने विचारलं. चाचांनी डोळे पुसले आणि त्यांना येत होतं तेवढं इंग्रजी एकदम वापरून टाकलं.

"नो फाइट, साब. मॅरेज."

मग अबूबकरने टॉरन्सला सगळं समजावून सांगितलं. नियमाप्रमाणे चेंडू खेळलेल्या पुरुषालाच द्यायचा असतो. टॉरन्सने क्षणभर विचार केला, आईची गोष्ट आठवून असेल कदाचित, आणि मान डोलावली. "आय," तो म्हणाला. "ती मुलगी वरच्या मोहल्ल्यात शिरेल तेव्हा तिला विचारा, ती कुठल्या बाजूची. ती म्हणेल तेच खरं."

संध्याकाळी मेसमध्ये हाफिजचाचांनी एकच मोठा थाळा मांडला. एका बाजूला नसरुद्दीन, दुसऱ्या बाजूला अबूबकर, मधे पाहुणा म्हणून टॉरन्स. थाळ्यात भाताआधी मटण दिसावं, याची चाचांनी जातीने काळजी घेतली होती. नसरुद्दीनने एक मोठा तुकडा उचलला, थोडा घुटमळला, आणि अबूबकरच्या बाजूला ठेवला. अबूबकरने मान खाली घालून तो खाल्ला.

टॉरन्सने चार घास खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाला, "वाईट नाही."

चाचांना ते वर्मी लागलं. "काय म्हणाला? एवढं केलं आन् वाईट नाय?"

"चाचा, यापरीस मोठी तारीफ तेंच्या गावात नाय," अबूबकर म्हणाला. मग त्याने नसरुद्दीनकडे वळून हात पुढे केला. "मीठ दे रं जरा."

नसरुद्दीनने मीठ दिलं. हाफिजचाचा सवयीने अर्धे उठले होते, ते तसेच परत खाली बसले.